टायरच्या दारावर

आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या टायरला खळगा आहे हा शोध मी लावला, आणि त्याबद्दल आमच्या कॉलनीने मला अजून माफ केलेलं नाही. असे शोध माणसाने गुपचूप लावावेत आणि गुपचूप झाकून ठेवावेत. मी मोठ्याने "अरेच्चा!" म्हटलं. जळगावात, पिंप्राळ्याच्या बाजूला, उन्हाळ्याच्या सकाळी दारं-खिडक्या उघड्या असताना "अरेच्चा" म्हणणं म्हणजे दवंडी पिटणं.

गाडी नानांची. नाना म्हणजे माझे वडील. ते थंडीत गेले, तेव्हापासून गाडी कव्हर घालून उभी होती. कुठेही निघायच्या आधी नाना गाडीभोवती एक फेरी मारत आणि चारही टायरांना तळहात लावत, लहान मुलाचा ताप बघावा तसा. कव्हर काढल्यावर मीही तेच केलं. त्यांची आठवण म्हणून नव्हे. गाडी काढायच्या आधी तसंच करायचं असतं, एवढंच मला ठाऊक होतं. तर डाव्या बाजूच्या पुढच्या टायरवर, जमिनीला न लागणाऱ्या त्याच्या गालावर, बोट आत गेलं. लांबट, उभा, उथळ खळगा. गालावर खळी पडावी तसा.

आणि हे नेमकं आखाजीच्या तोंडावर. बाकी महाराष्ट्र ज्या दिवशी सोनं घेतो त्या अक्षय्य तृतीयेला आम्ही खान्देशातले लोक घागर भरतो. मातीची नवी घागर, पाणी, वर डांगर म्हणजे खरबूज, सांजोऱ्या आणि आंबे. घरातल्या गेलेल्या माणसांसाठी. वर्षभरात गेलेल्या माणसाची पहिली घागर तर गावच्या घरीच भरायची. आमचं गाव शिंदखेड्याच्या पुढे. आई त्या सबंध महिन्यात एकच वाक्य बोलली होती: "घागर त्यांच्याच गाडीतून न्यायची."

याला आडवे आले प्रेमराजकाका. नानांचे धाकटे भाऊ, राहणार धुळे, वृत्ती सल्लागाराची. काकांनी गाडीला गिऱ्हाईक आधीच पाहून ठेवलं होतं. "नूतन, दोन बायांच्या घरात गाडी कसाले पाहिजे? उभी राहून सडते ती." मी म्हटलं, मी चालवते. ते फोनवर हसले. हसणं संपल्यावर म्हणाले, "बरं. आखाजीला गाडी गावात दारापर्यंत आण. आणलीस तर ठेव. नाही आणलीस तर सण झाल्या झाल्या गिऱ्हाईक घेऊन येतो. वहिनीला विचार, मान्य शे का." आईने मान हलवली. कोणत्या गोष्टीला हलवली ते तिने सांगितलं नाही.

म्हणजे प्रश्न टायरचा नव्हता. प्रश्न गाडीचा होता, आणि गाडी त्या एका खळीवर उभी होती.

आमच्याकडे माणूस गेलं की लोक 'दारावर' येतात. ओट्यावर बसतात, थोडं रडतात, कसं झालं ते विचारतात, शेवटी आपल्या माहितीतला याहून वाईट किस्सा सांगून उठतात. नानांच्या वेळी जे आले तेच सगळे आता टायरच्या दारावर आले. तोच चेहरा, तीच मान तिरकी, तोच प्रश्न: "कधी कळलं?"

पहिले आले शेजारचे झिपरूनाना. आयुष्यभर एसटी चालवून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, उकिडवे बसले आणि टायरची नाडी पाहिली.

"पोरी, हाई टायर गयं."

"पण झिपरूनाना, खळगा आत आहे. फुगवटा बाहेर आला असता तर—"

"आत काय, बाहेर काय! गयं ते गयं. मी शहाद्याच्या घाटमा एक टायर असंच पाहेल होतं." त्यानंतरचा किस्सा मी गाळते, त्यात शेवटी एक म्हैस वाचते.

वरच्या मजल्यावरच्या कुंदाबाई यावलच्या. त्या टायरकडे न बघता आईकडे बघत म्हणाल्या, "वहिनी, आमच्या केळीच्या ट्रकचं टायर असंच झालं होतं हो. सगळी केळी रस्त्यावर." मग जरा थांबून, "तुमच्या गाडीत केळी नसतात म्हणा."

मला वाचायची सवय आहे. दुःखात काही लोक देवळात जातात, मी माहितीपुस्तिका वाचते. गाडीची वाचून झाल्यावर टायरबद्दल सापडेल ते वाचलं. टायरच्या गालात आतून दोऱ्यांचे थर असतात. फुगवटा बाहेर आला तर समजावं की आतले दोरे तुटले, हवा तिथून डोकावते आहे, आणि असं टायर चालवू नये. चिरेतून दोरे दिसले तरी टाकून द्यावं. पण थराची दोन टोकं एकमेकांवर चढवून जोडतात तिथे गाल जरा आत ओढला जातो, तो खळगा निरुपद्रवी. हे मी ओट्यावर जमलेल्या मंडळींना सांगितलं. मंडळींनी ऐकून घेतलं. झिपरूनाना म्हणाले, "शिकेल पोर शे," आणि ज्या सुरात म्हणाले त्याला मराठीत सांत्वन म्हणतात.

तरी मी टायरच्या दुकानात गेले. स्वतःवर विश्वास असला तरी शिक्का दुसऱ्याचा लागतो. दुकानदार योगराजभाऊंनी लांबूनच टायर पाहिलं, जवळ यायचं धाडस त्यांना झालं नाही.

"ताई, या टायरवर तुम्ही इथपर्यंत आल्या? देव पावला तुम्हाला. एक नाही, चारही बदला."

"बाकीच्या तिघांना काय झालं?"

"एकाला झालं म्हणजे तिघांना होणारच ना."

ही टायरं नानांनी गेल्या दिवाळीच्या आधी इथूनच घेतली होती. मी म्हटलं, टायर जर एवढ्यात बाद झालं असेल तर वॉरंटीत बदलून द्या. योगराजभाऊंच्या चेहऱ्यावरची माझ्याबद्दलची काळजी हळूहळू उतरली. ते पहिल्यांदाच टायरजवळ आले, वाकले, खळीवरून अंगठा फिरवला.

"हे? हे तर असतंच, ताई. याला डिफेक्ट नाही म्हणत."

"म्हणजे टायर चांगलं आहे?"

"नाही नाही, बदलायलाच पाहिजे."

"म्हणजे खराब आहे?"

"वॉरंटीत खराब नाही."

तेव्हा मला माझा मार्ग दिसला. या खळीबद्दल कोणी मला खरं सांगणार नव्हतं. पण टायर फुकट द्यावं लागेल अशी भीती घातली, तर कोणीतरी ते नाकारण्यासाठी खरं लिहून देईल. मी म्हटलं, "मला दावाच करायचा आहे." योगराजभाऊ म्हणाले, कंपनीचे तपासनीस धुळ्याच्या कचेरीत बसतात, टायर तिथे न्यावं लागेल, आणि ग्राहकाने स्वतः हजर राहायला हवं. बिलावर नाव नानांचं होतं.

"ते गेले," मी सांगितलं.

"कुठे?"

"वारले."

"अरेरे. मग त्यांच्या सहीचं अधिकारपत्र लागेल."

पत्र यायला वेळ लागेल, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी "चालेल" म्हटलं. मग स्वतःच ऐकलं काय म्हटलं ते, आणि माझ्यासाठी लिंबू सरबत मागवलं.

आता टायर धुळ्याला न्यायचं कसं? गाडीने न्यावं, तर ते टायर धुळ्यापर्यंत जाण्यालायक आहे की नाही हेच तर धुळ्याला विचारायचं होतं. झिपरूनानांनी उपाय सांगितला: टायर काढायचं, त्या जागी स्टेपनी लावून गाडी घरी उभी ठेवायची, आणि टायर एसटीने न्यायचं. डिकीतून स्टेपनी काढताना ते हरखूनच गेले. "वा! हात बी नही लावेल. नवी कोरी!"

इथे थोडं विषयांतर करते, पण त्याला इलाज नाही. आपल्या घरांतून 'न वापरलेलं म्हणजे नवं' असा एक पक्का धर्म आहे. आमच्या शोकेसमध्ये आईच्या लग्नातला चहाचा सेट आहे; त्यातून आजवर कोणी चहा प्यायलेलं नाही, म्हणून तो नवा. नानांचं एक सफारीचं कापड कपाटात होतं, 'नवं' म्हणून जपलेलं, इतकं की शेवटी घडीवरच विरलं. स्टेपनीही त्याच धर्माची. मी तिच्या गालावरचे आकडे वाचले. टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनलं ते तिथे चार आकड्यांत कोरलेलं असतं. आमची स्टेपनी माझ्या कॉलेजच्या दिवसांतली निघाली. तिच्या अंगावर वाळलेल्या गाळासारख्या बारीक भेगा होत्या. मी म्हटलं, "झिपरूनाना, रबर नुसतं पडूनही म्हातारं होतं." झिपरूनाना दुखावले. त्यांना निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती.

एसटीत टायर रिंगेसकट माझ्या पायाशी उभं होतं. कंडक्टरबाईंनी मला तिकीट दिलं, टायरला सामानाचं दिलं आणि विचारलं, "हे लोळणार तर नाही ना?" मी हमी दिली. एरंडोलच्या वळणावर ते लोळलं. ड्रायव्हरच्या सीटपर्यंत जाऊन, मागे कोण येतंय ते बघावं तसं जरा थबकलं आणि आडवं झालं. मी ते उचलून आणत असताना मागून धुरपदाबाई नावाच्या एका आजीबाईंनी जागा करून दिली. नाव त्यांनीच सांगितलं, आणि लगेच चौकशी सुरू केली.

"माय, गाडी कोठे शे?"

"जळगावला."

"आन् चाक धुळ्याले चालनं?"

"हो."

आजींनी विचार केला. "मंग बाकीना चाके कव्हय येतीन?"

पारोळ्यापर्यंत सगळ्या बसने खळीवर बोट फिरवून घेतलं. मत असं पडलं की टायर गेलेलं आहे; फक्त एका गृहस्थांचं म्हणणं पडलं की टायर चांगलं आहे पण माझे ग्रह ठीक नाहीत. प्रतिष्ठा नावाची गोष्ट माणसाला सांभाळता येते, पण मांडीशी टायर धरून नाही.

धुळ्याच्या स्टँडवर काका उभे होते. त्यांना कोणी कळवलं, ते मी विचारलं नाही. झिपरूनानांकडे फोन आहे. काकांनी टायरवर एक नजर टाकली. "खड्डा शे हा, खड्डा! वाटेत फुटलं असतं म्हणजे?"

"एसटीत?"

काकांनी विषय बदलला आणि कचेरीपर्यंत सोबत आले.

तपासनीस साहेब सौम्य गृहस्थ होते. दिवसभर लोकांना 'नाही' म्हणायचं काम असलेली माणसं बहुधा सौम्य असतात. त्यांनी मृत्यूचा दाखला पाहिला, बिल पाहिलं, 'ग्राहक स्वतः' या चौकटीत काय लिहावं यावर बराच विचार केला आणि शेवटी 'कन्येमार्फत' असं लिहिलं. तो शब्द मी उलट्या बाजूने वाचला आणि थोडा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग त्यांनी टायर सराईत हातांनी फिरवलं, हवा भरून मोजली, रिंगेतून सोडवून उजेडात आतबाहेर बघितलं आणि अतिशय खेदाने मान हलवली.

"सॉरी मॅडम. तुमचा दावा नामंजूर करावा लागेल."

"कारण?"

"टायरमध्ये काही दोषच नाही. हा थरांचा जोड आहे. दोरे शाबूत आहेत. टायर वापरायला एकदम योग्य आहे."

"असं लिहून द्याल?"

"लिहावंच लागतं."

"जरा ठळक लिहाल? आणि शिक्का?"

त्यांनी शिक्का मारला. मी त्यांचे इतक्या मनापासून आभार मानले की ते खुर्चीतून अर्धवट उठले. नामंजूर दाव्यावर कोणी पेढे द्यायची भाषा केल्याचं त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच घडत असावं. काकांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "कागदाले काय समजस? रस्ता सांगीन."

जळगावला परतल्यावर झिपरूनानांनी टायर पुन्हा जागेवर बसवलं. 'एकदम योग्य' हे शब्द वाचताना त्यांचा चष्मा पुन्हा कपाळावर गेला होता. मग मी योगराजभाऊंकडून एक नवं टायर घेतलं, स्टेपनीसाठी. त्यांनी चार सांगितली होती. मी एक घेतलं, आणि तेही त्यांनी न सांगितलेल्या जागी. माझ्या आयुष्यात इतक्या ताठ मानेने मी कोणत्याच दुकानातून बाहेर पडलेले नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी काका वहिनीला न्यायला म्हणून त्यांची मोठी, उंच गाडी घेऊन जळगावला हजर. सोबत त्यांचा मुलगा स्वप्नील आणि काकू लताबाई. आई घागर घेऊन खाली आली, उंच गाडीच्या उघडलेल्या दारापुढून सरळ निघून गेली आणि नानांच्या गाडीत पुढे बसली. घागर मागच्या सीटवर, उशांच्या मध्ये.

काका म्हणाले, "चला, मी मागेच राहतो. थांबायचं काम पडेलच."

कॉलनी निरोप द्यायला उभी होती, दारावरच्याच चेहऱ्याने. कुंदाबाईंनी टायरवर हळदकुंकू वाहिलं. कोणीतरी चारही चाकांखाली लिंबं ठेवली. मी फेरी मारली, चारही टायरांना तळहात लावला आणि निघाले.

एरंडोलपर्यंत काकांनी मागून तीनदा हॉर्न वाजवला. दर वेळी मी बाजूला थांबले, दर वेळी ते उतरून टायर बघून "अजून तरी ठीक शे" म्हणाले, एखाद्या डॉक्टरने नातेवाइकांना सांगावं तसं. पारोळा गेल्यावर हॉर्न बंद झाला. आरशात पाहिलं तर काका नव्हतेच.

मी परत फिरले. काकांची उंच गाडी कडुलिंबाखाली एका बाजूला कलून उभी होती आणि काका मागच्या चाकाकडे पाहत होते. खिळा. साधा खिळा, त्याला कोणीही काही करू शकत नाही. काका बिलकूल डगमगले नव्हते. "स्वप्नील, स्टेपनी काढ. गाडी घेतल्यापासून हात लावलेला नाही. नवी कोरी!"

स्टेपनी खाली आली. तिच्या अंगावर प्लास्टिकची पिशवी अजून होती. मी वाकून गालावरचे आकडे वाचले. काकांनी गाडी कोणाकडून तरी वापरलेली घेतली होती, आणि त्या आधीच्या मालकानेही स्टेपनी अशीच वर्षानुवर्षं जपून ठेवलेली होती.

"काका, ही लावू नका. हिला भेगा आहेत. पंक्चरवाला बोलवू."

"नूतन," काका म्हणाले, "तू कागद वाच. गाडी मी चालवतो."

स्टेपनी लावली. स्वप्नीलने हवा मारली. गाडी जॅकवरून खाली उतरली, तिचं वजन त्या नव्या कोऱ्या टायरवर आलं, आणि आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टायरच्या गालावर एक फुगवटा आला. तेलात सोडलेली पुरी वर यावी तसा, आरामात, गोल.

"मागे व्हा," मी म्हटलं. आणि सगळे झाले. काकासुद्धा. मला वाटतं माझ्या आवाजात नाना होते.

आवाज मोठा झाला. कडुलिंबावरचे कावळे उठले, काकू मटकन खाली बसल्या, समोरच्या शेतातून एक माणूस पळत आला आणि काय झालं ते कळल्यावर त्याने लगेच याहून वाईट किस्सा सुरू केला. काका फुटलेल्या टायरकडे बघत होते. त्यांना काय वाटत असेल ते मला कळत होतं, आणि मला काय वाटत होतं ते सांगण्याची माझ्यावर झालेल्या संस्कारांमुळे सोय नाही.

"आपली स्टेपनी द्यायची का त्यांना?" आईने काच खाली करून विचारलं.

"त्यांच्या गाडीला बसत नाही, आई. तिचा आकार वेगळा."

आईने क्षणभर विचार केला आणि मागचं दार उघडलं. "भाऊजी, या."

स्वप्नील मेकॅनिकची वाट बघत मागे थांबला. उरलेला सगळा रस्ता, धुळ्यावरून पार शिंदखेड्याच्या पुढे आमच्या गावापर्यंत, प्रेमराजकाका नानांच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून आले. उशा काकूंना दिल्या होत्या, म्हणून घागर काकांच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला ते ती दोन्ही हातांनी छातीशी धरत. सोनगीरच्या जवळ हळूच म्हणाले, "जरा सावकाश घे, बेटा." बेटा हे मला त्यांनी लहानपणानंतर पहिल्यांदा म्हटलं.

गावात शिरताना पारावरची मंडळी उठून उभी राहिली. "अरे, भाऊनी गाडी उनी!" भाऊची गाडी आली, असं कोणीतरी ओरडलं; गावात नानांना भाऊ म्हणत. गाडी दारात थांबली. काका घागर घेऊन उतरले आणि दुसऱ्या दिवशी, घागर भरून झाल्यावर, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असा फोन त्यांनी त्या गिऱ्हाइकाला लावला. "गाडी विकणं नही. अरे, टायर कसानं खराब? कंपनीनी लिखी दियेल शे! खळगा असतोच राजा त्याले, थरांचा जोड राहस तो." पंगतीत आमरस वाढला जात होता. कंपनीने कोणाला लिहून दिलं, ते मी काढलं नाही. विजय इतका मोठा होता की त्यातला थोडा काकांना द्यायला हरकत नव्हती.

परत निघताना मी गाडीत बसले आणि आईची वाट बघू लागले. ती दाराशी आली नाही. पाहिलं तर ती गाडीभोवती फिरत होती, पदर खोचून, वाकून एकेका टायराला तळहात लावत. आईने जन्मात कधी टायरला हात लावलेला नव्हता. डाव्या बाजूच्या पुढच्या टायरपाशी ती थांबली. तिचं बोट बरोबर खळीवर गेलं, न शोधता, आणि वरून खाली एकदा फिरलं.

"वाढलेला नाही," ती म्हणाली.

मी काच खाली केली. "आई, तुला हा माहीत होता?"

"नानांनी टायर आणलं त्या दिवशीच पाहिलं होतं. दुकानदाराशी भांडून आले. मग निघताना दर वेळी बोट फिरवून बघायचे, वाढतोय का. मला दाखवायचे."

एरंडोलच्या वळणावर लोळलेलं ते टायर माझ्या डोळ्यांपुढे आलं. ती बस, धुरपदाबाई, माझे ग्रह.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

आई गाडीत बसली. पट्टा लावला, रिकामी झालेली घागर मांडीवर घेतली.

"सगळ्या कॉलनीला विचारलंस, धुळ्याला जाऊन आलीस," ती म्हणाली. "मला कुठं विचारलंस? चल आता. उशीर झाला की त्यांना आवडायचं नाही."